बदली परमनंट झाला का?

वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान अजून येतं आणि आमच्या घरी ते अजून वाचलं जातं. त्या पानावर दर काही महिन्यांनी दोन शब्द हमखास उगवतात: 'मूळ संचात'. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं एखादं नाटक पुन्हा उभं राहतं, शिवाजी मंदिरला मोजके प्रयोग लागतात आणि हे दोन शब्द नाटकाच्या नावाच्या बरोबरीने ठळक छापले जातात. संच मूळ नसेल तर जाहिरात त्याबद्दल गप्प असते. लग्नाच्या बोलणीत घरातली एखादी गोष्ट सांगायची राहून जाते ना, तशी.

हीच समजूत इंग्रजी कपडे घालून मला ऑफिसात भेटते. मी लोअर परळला सॉफ्टवेअर लिहितो. जिथे एके काळी साचे चालायचे त्या जमिनीवरच्या काचेच्या इमारतीत. माझ्या रांगेत दोन-तीन कट्टर रॉकवाले आहेत. त्यांच्या मते फ्रेडी मर्क्युरी गेला तेव्हा क्वीन संपला, रॉजर वॉटर्स बाहेर पडला तेव्हा पिंक फ्लॉइड संपला आणि असीम चक्रवर्ती गेले तेव्हा इंडियन ओशन. 'ओरिजिनल लाइनअप' नसेल तर मागे उरतो तो ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. ज्या गावात गणपतीत, पूजेला आणि कामगार वस्त्यांतल्या मैदानांवर ऑर्केस्ट्रावाल्यांनीच लोकांना गाणी ऐकवली, त्या गावात बसून.

मला या मताशी भांडायचं आहे. माझा त्यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो. मी लालबागमधल्या एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. ती पार्टी ज्यांनी उभी केली त्यांतला एकही जण आता रस्त्यावर वाजवत नाही. म्हणजे वरच्या व्याख्येनुसार मी दर भाद्रपदात आगमन मिरवणुकीत एका मेलेल्या पार्टीबरोबर चालतो.

आधी हा 'मूळ' कोण ते बघू. 'मोरूची मावशी' म्हटलं की माझ्या आईवडिलांच्या पिढीला विजय चव्हाण दिसतात. लुगडं नेसून रंगमंच दणाणून सोडणारा गिरणगावचा माणूस. पुढे भरत जाधवने ती भूमिका केली तेव्हा 'मूळ मावशीची सर नाही' असं म्हणणारे घरोघरी निघाले. पण मावशी काही विजय चव्हाणांपासून सुरू झाली नव्हती. अत्र्यांचं नाटक त्याच्या कितीतरी आधीचं, आणि त्यातली मावशी आधी बापूराव माने गाजवून गेले होते. त्याहून मागे गेलात तर अत्र्यांनी हे ज्या इंग्रजी नाटकावरून घेतलं ती 'चार्लीज आँट' १८९२ मध्ये इंग्लंडात रंगमंचावर आली होती. तेव्हा 'मूळ मावशी' या शब्दांचा खरा अर्थ एवढाच, की मी शाळेत असताना मला दाखवली गेली ती मावशी. मूळ संच ज्याच्या त्याच्या जन्मसालावर ठरतो. माणूस आपलं बालपण मागत असतो आणि बिल नटाच्या नावावर फाडतो.

याहून मोठं उदाहरण हवं असेल तर ते मराठी संगीत रंगभूमीच्या देव्हाऱ्यातच ठेवलेलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं १८८० साली. पाच वर्षांत, १८८५ मध्ये, अण्णासाहेब गेले. ज्यांच्या नावाची मंडळी तेच नाहीत. मंडळी चालू राहिली. मग भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या गळ्यासाठी लोक वेडे होत, ते १९०१ मध्ये गेले. तरी मंडळी चालू राहिली. आणि १९०५ मध्ये त्या रिकाम्या जागेवर एक विशीतही न पोचलेला मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. त्याचं नाव नारायण राजहंस. ज्यांच्या नावावर आज आपण 'अस्सल' या शब्दाची शपथ घेतो ते बालगंधर्व हे चक्क 'रिप्लेसमेंट' होते! भाऊरावांना ऐकलेला एखादा म्हातारा त्या प्रयोगाला बसला असेल तर मध्यंतरात तो काय पुटपुटला असेल ते सांगायला पुरावा लागत नाही.

पुढची गंमत १९१३ची. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आमच्या धंद्यात याला 'फोर्क' म्हणतात: एकाच कोडच्या दोन प्रती, दोन वेगळ्या माणसांच्या हातात, आणि तिथून पुढे दोन्ही आपापल्या वाटेने वाढतात. फोर्क झाल्यावर 'यातलं खरं कुठलं' असं विचारणारा माणूस नवखा असतो. जिथे काम चालू आहे ते खरं, आणि दोन्हीकडे चालू असेल तर दोन्ही. टेंबे लवकरच गेले, बोडसही नंतर गेले. गंधर्व मंडळी त्यानंतरही अनेक वर्षं गर्दी खेचत राहिली.

आणि गिरगावचं उदाहरण तर माझं सगळ्यांत लाडकं. ललितकलादर्श. विशीही न गाठलेल्या केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ही मंडळी हुबळीला काढली. १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर तो गाजलेला 'संयुक्त मानापमान' मुंबईत झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय एकतीस. रॉकच्या भाषेत सांगायचं तर संस्थापक, मुख्य गायक आणि पोस्टरवरचा चेहरा, सगळं एका दिवसात गेलं. मंडळी बापूराव पेंढारकरांनी घेतली आणि पुढच्याच वर्षी मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. १९३७ मध्ये बापूराव गेले. मधली काही वर्षं शांततेची. मग त्यांचा मुलगा भालचंद्र, म्हणजे अण्णा पेंढारकर, यांनी चाळीसच्या दशकात ती पुन्हा उभी केली. १९५७ मध्ये बाळ कोल्हटकरांचं 'दुरितांचे तिमिर जावो' आणि १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' तिच्याच नावाने आलं. केशवरावांना जाऊन तेव्हा ३९ वर्षं झाली होती. केळेवाडीच्या साहित्य संघात बसून 'पंडितराज'ची पदं ऐकणाऱ्या माणसाला 'ही खरी ललितकलादर्श नव्हे' असं सांगायला कुणी गेलं असतं, तर डोअरकीपरने त्याला नम्रपणे खेतवाडीकडे वळवलं असतं.

या प्रश्नावर शिकलेली माणसं लगेच थिसियसच्या जहाजाची गोष्ट काढतात. जहाजाची एकेक कुजलेली फळी बदलत गेलं. सगळ्या फळ्या नव्या झाल्यावर जहाज तेच की वेगळं? प्लुटार्कपासून हा खल चालू आहे. मला तो इथे गैरलागू वाटतो. फळ्या रियाज करत नाहीत. जुनी फळी नव्या फळीला 'तू चढा लागतोयस' असं सांगत नाही आणि नवी फळी जुनीशी हुज्जत घालत नाही. माणसांच्या संचाला लावायची उपमा माणसांच्या कामातूनच यायला हवी, आणि ती शोधायला ग्रीसला जायची गरज नाही. परळ नाक्यापर्यंत गेलं की पुरे.

माझे आजोबा एका गिरणीत बरीच वर्षं बदली होते. आता हा शब्द माझ्याच वयाच्या पोरांना समजावून सांगावा लागतो. बदली कामगार पाळीच्या वेळी गिरणीच्या दरवाजावर जाऊन उभा राहायचा. खात्यात कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर याला घ्यायचे. नसेल तर हा घरी. कापड निघायचं ते सारखंच. कुठला वार कायमवाल्याने विणला आणि कुठला बदलीवाल्याने, हे मूळजी जेठा मार्केटमधल्या कुठल्याही व्यापाऱ्याला ओळखता आलं नसतं. फरक एवढाच, की बदलीवाल्याला उद्याची खात्री नव्हती आणि साच्याबद्दल तोंड उघडायचा हक्क नव्हता. साचा कसा बसवावा, कुठला भाग सारखा तुटतो, हे त्याला माहीत असायचं. पण त्याने ते बोलायचं नाही, कारण साचा 'त्याचा' नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा हीही मागणी होती. पगारवाढीची आठवण सगळे काढतात, ही दुसरी मागणी फारशी कुणी काढत नाही.

बँडबद्दल विचारायचा प्रश्न मला इथे सापडतो. मूळ माणसं किती उरली हे मोजत बसू नका. बदली परमनंट झाला का, ते विचारा. नव्या माणसाला चाल बांधायचा, जुनी चाल मोडायचा, प्रसंगी ती बिघडवायचा हक्क मिळाला का? मिळाला असेल तर बँड जिवंत आहे, मग संस्थापक वैकुंठात असोत नाहीतर विरारला. मिळाला नसेल तर सगळे संस्थापक रांगेत उभे असले तरी ते दुकान आहे.

ही कसोटी लावून बघा, रॉकचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो. एसी/डीसीचा बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला. त्याच वर्षीच्या जुलैत नवा गायक ब्रायन जॉन्सनसह 'बॅक इन ब्लॅक' आला आणि तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. त्यातल्या गाण्यांचं श्रेय कुणाला? यंग, यंग आणि जॉन्सन. सहा महिन्यांपूर्वी बँडमध्ये नसलेला माणूस प्रत्येक गाण्याचा सहकर्ता. बॉन स्कॉटची नक्कल करणारा कुणी आणला असता तर आज तो अल्बम कुणाला आठवला नसता.

उलट उदाहरण मेटालिकाचं. क्लिफ बर्टन १९८६ मध्ये बस अपघातात गेला आणि जेसन न्यूस्टेड बास वाजवायला आला. १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हेडफोन लावून ऐका आणि बास शोधून दाखवा. मिक्स करताना तो इतका दाबला गेला, की आपल्याच पहिल्या पूर्ण अल्बममध्ये हा माणूस जवळजवळ ऐकूच येत नाही. हा चौदा वर्षं बँडमध्ये होता, हजारो लोकांसमोर घाम गाळत होता आणि २००१ मध्ये सोडून गेला. मेटालिका खोटी झाली असेलच तर ती बर्टनच्या जाण्याने झाली नाही. ती त्या मिक्सिंगच्या खोलीत झाली.

आणि पिंक फ्लॉइड! 'वॉटर्स नाही तर फ्लॉइड नाही' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी दोनच गोष्टी विचारतो. डेव्हिड गिलमोर कधी आला? १९६८ च्या सुरुवातीला, सिड बॅरेटच्या जागी. तुम्ही ज्याच्या गिटारवर जीव टाकता तो बदलीवाला आहे. आणि रिक राइटचं काय झालं? संस्थापकांपैकी एक, पण 'द वॉल'च्या काळात त्याला बँडमधून काढलं आणि त्याच कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून उभं केलं. संस्थापक बदलीवर गेला आणि बदलीवाला कायम झाला. कोण मूळ आणि कोण बदली, याचा यादीतल्या क्रमांकाशी काही संबंध नाही हे दाखवायला आणखी काय लागतं? (हिशेबातला विनोद असा, की त्या खर्चिक कार्यक्रमांत बाकी तिघांना खोट आली आणि पगारी राइट तेवढा फायद्यात राहिला. युनियनवाल्यांनी हा किस्सा जपून ठेवावा.)

क्वीनवाल्यांनी मात्र प्रामाणिकपणे सगळं पोस्टरवरच लिहून टाकलं आहे. 'क्वीन + ॲडम लॅम्बर्ट'. दहा वर्षांहून अधिक काळ हा माणूस त्यांच्याबरोबर गातो आहे आणि ते अधिकचं चिन्ह अजून गेलेलं नाही. त्याच्यासह नव्या गाण्यांचा एकही स्टुडिओ अल्बम नाही. लॅम्बर्ट उत्तम गातो, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. पण ते चिन्ह म्हणजे बदलीचं कार्ड आहे.

घरच्या बाजूला या. दिल्लीच्या इंडियन ओशनचे दोन संस्थापक: असीम चक्रवर्ती आणि सुस्मित सेन. असीम २००९ च्या नाताळच्या दिवशी गेले, सुस्मित २०१३ मध्ये बाहेर पडले. संस्थापक शून्य. आणि २०१५ मध्ये 'मसान' आला. त्या सिनेमाचं संगीत ऐकून ज्यांचे डोळे भरले त्यांतल्या किती जणांनी आधी संस्थापकांची हजेरी घेतली? मुंबईतल्या रॉक मशीनची गोष्ट तर उलट्या बाजूने जाते. १९८४ चा बँड, धोबी तलावाच्या रंगभवनच्या काळातला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. माणसं तीच, नाव नवं! 'मूळ'वाल्यांनी इथे काय म्हणायचं? १९९७ मध्ये ते थांबले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया जुने, बास आणि ड्रम्सवर नवी माणसं. जुनी गाणी वाजवून पैसे करणं सोपं होतं. त्यांनी २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. माझ्या लेखी त्यांना 'आम्ही खरे' असं सिद्ध करायला एवढं पुरेसं आहे, अल्बम आवडो न आवडो. मला स्वतःला निम्मा आवडला.

माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्याला बगल देणार नाही. आवाज. गिटार वाजवणारा बदलता येतो, आवाज नाही. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'मधला तात्या सरपंच १९८० पासून हजारो प्रयोगांत केला. २००७ मध्ये ते गेले. ते नाटक म्हणजे गिरणगावातल्या मालवणी माणसाचं घरचं कार्य होतं. चाळीच्या चाळी ते बघून आल्या होत्या. त्यांच्यानंतर तात्या सरपंच दुसऱ्यांनी केला, आणि कुणीही कितीही चांगला केला तरी तो गळा, ती मालवणी हेल काढायची तऱ्हा परत येणार नाही. मान्य. शंभर टक्के मान्य. पण यातून सिद्ध काय होतं? नवा प्रयोग जुन्यासारखा नाही, एवढंच. 'सारखा' आणि 'खरा' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि सगळा घोळ ते एकमेकांच्या जागी वापरल्यामुळे होतो. मी माझ्या आजोबांसारखा नाही. म्हणून मी खोटा नातू ठरत नाही. उलट मी त्यांच्यासारखं धोतर नेसून, मिशी लावून, त्यांच्या खोकल्यासह चाळीत फिरायला लागलो तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

नटाला किंवा गायकाला 'जुन्यासारखंच कर' असं सांगणारे निर्माते आणि 'जुन्यासारखं नाही' म्हणून नाक मुरडणारे प्रेक्षक हे एकाच नाण्याने व्यवहार करतात. दोघांना माणूस नको असतो, साचा हवा असतो. या मागणीचं टोक लंडनमध्ये २०२२ पासून चालू आहे. 'ॲबा व्हॉयेज'. प्रचंड पडद्यावर ॲबाचे चौघे, मूळ संच, तोही तरुणपणीचा, एकही सुरकुती नाही. आणि बाजूला प्रत्यक्ष वाजवणारे दहा जिवंत वादक. त्या थिएटरात खरोखर हात चालतात ते त्या दहा जणांचे, आणि ते पाहायला आलो असं कुणी म्हणत नाही. 'मूळ संचात' या जाहिरातीचा शेवट हाच आहे: संच शंभर टक्के मूळ आणि रंगमंचावर कुणीच नाही.

माझ्या कामात हे रोज दिसतं. मी ज्या प्रणालीवर काम करतो ती बरीच जुनी आहे. 'गिट ब्लेम' नावाची एक आज्ञा असते. कोडची कुठली ओळ शेवटी कुणी लिहिली ते ती सांगते. मी ती चालवतो तेव्हा पहिल्या माणसांची नावं क्वचित दिसतात. त्याने प्रणाली मरत नाही. मरते तेव्हा, जेव्हा एखाद्या फाइलच्या डोक्यावर कुणीतरी लिहून ठेवतं की इथे हात लावू नका, चालतंय ते चालू द्या. त्या दिवसापासून ती फाइल शोकेसमध्ये गेली असं समजायचं.

आता आमच्या पार्टीबद्दल, कारण सगळं भांडण शेवटी तिथलं आहे.

बेंजो पार्टी हा अस्सल लालबाग-परळचा प्रकार, असं आम्ही छाती फुगवून सांगतो. ते वाद्य मुळात बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळांचं. ते आलं जपानी ताइशोगोतोवरून, जे १९१२ मध्ये नागोयात बनलं. नाव आम्ही अमेरिकन बँजोचं दिलं, त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायरमधून काढला आणि वाजवली कोळीगीतं. 'मूळ' शोधायला निघालेल्याने आमच्या ट्रॉलीपासून सुरुवात करावी आणि पासपोर्ट जवळ ठेवावा.

पार्टी उभी केली गिरणीत पाळी करणाऱ्यांनी. संप झाला, गिरण्या गेल्या, खोल्या विकून माणसं बदलापूर-विरारला गेली. शेवटी उरलेल्या बेंजोवाल्या काकांची बोटं आता चालत नाहीत. ते खुर्चीवर बसून ऐकतात. आज वाजवणारे आम्ही: एक मी, एक कुरिअरवाला, दोघे कॉलेजातले, एक रिक्षा चालवणारा आणि ऑक्टोपॅडवर एकोणीस वर्षांचा पोरगा, जो बदलापूरहून शेवटची-पहिली लोकल करून येतो. त्याचे आजोबा मूळ पार्टीत नव्हते, त्याचा लालबागशी संबंध एवढाच की त्याला इथे वाजवायचं आहे. मागच्या वर्षी एका मंडळाने सुपारी ठरवताना विचारलं, जुनी पार्टी येणार का? नाही म्हटल्यावर त्यांनी रक्कम उतरवली. म्हणजे बघा, जी माणसं आता वाजवू शकत नाहीत त्यांच्या नावाचे पैसे, जी माणसं दहा तास रस्त्यावर उभी राहणार त्यांच्या पैशातून कापले. 'मूळ'ची श्रद्धा मी महाग म्हणतो ती याच अर्थाने. आणि ही कापाकापी करणाऱ्या कार्यकर्त्यांतले निम्मे आता ठाण्याला राहतात, दहा दिवसांसाठी लालबागकर होतात. मंडप तोच हवा, गर्दी तीच हवी, वाजवणारेही तेच हवेत. फक्त स्वतः बदललेलं चालतं.

पण त्यांना शिव्या देऊन भागत नाही, कारण माझी कसोटी आम्हालाही लागू आहे. आमच्याकडे दोन प्रकारचे पैसे असतात. भाग आणि हजेरी. भागवाला पार्टीचा, सगळा खर्च जाऊन उरेल त्यात त्याचा वाटा. हजेरीवाला त्या दिवसापुरता. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी तिचं रजिस्टर आम्ही चालवतोच आहोत. ऑक्टोपॅडवाला पोरगा तीन वर्षं हजेरीवर होता. त्याने गेल्या पावसाळ्यात आमचा उठाव बदलला. उठाव म्हणजे मंडपातून मूर्ती निघताना पार्टी जो पहिला तुकडा वाजवते तो. बाकी गाणी सगळ्या पार्ट्यांची सारखीच असतात, पार्टी ओळखली जाते ती उठावावर. काकांचा उठाव संथ सुरू होऊन चढत जायचा. याने ताशा आधी सोडला, बेंजो मागून आणला आणि मध्ये चार मात्रा सगळं थांबवलं. त्या चार मात्रांत माणसं श्वास धरतात, मी पाहिलं आहे. जुन्या माणसांपैकी एकाने विरारहून फोन करून सांगितलं, की हे करायचं तर पार्टीचं नाव बदला.

नाव बदललेलं नाही. जूनमध्ये इमारतीच्या पार्किंगमध्ये बैठक झाली, चाळीची गॅलरी आता नाही. दोन गोष्टी ठरल्या. पोरग्याला भाग द्यायचा. आणि नवा उठाव आगमनाला, काकांचा विसर्जनाला. दुसऱ्या मुद्द्यावर बरीच गरमागरमी झाली, पहिल्यावर त्याहून जास्त, कारण भाग वाढला की प्रत्येकाचा वाटा घटतो आणि तत्त्वापेक्षा हे माणसाला लवकर कळतं. काका सगळा वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, वाजवून दाखवा. पोरग्याने दाखवला. काकांनी पुन्हा एकदा वाजवायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि एवढंच सांगितलं, की थांबल्यानंतर ताशा अर्धी मात्रा लवकर येतो आहे.

येत होता. आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.